खोट्या गायीची वही

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

प्रकल्पाचं अधिकृत नाव एकदाच लिहून ठेवते, पुढे ते कुणी वापरणार नाही: 'गोवंशीय जननसंस्थेच्या गुदमार्गे तपासणीसाठी अल्पखर्चिक प्रशिक्षण प्रतिकृती'. मंजुरीच्या पत्रात असंच आहे. विभागात सकाळपासून सगळे 'खोटी गाय' म्हणताहेत. वहीवरही मी तेच लिहिलंय.

हे सगळं कशासाठी, ते आजच नोंदवते. नंतर सिलिकॉन आणि वेल्डिंगच्या बिलांत ते हरवून जाईल.

आमच्या गोठ्यात रेक्टल तपासणीच्या सरावाला देता येतील अशा सहा गायी आहेत. एका गायीत एका दिवशी दोन, फार तर तीन नवखे हात. त्यापुढे आतलं अस्तर सुजतं, रक्त दिसायला लागतं, गाय कळ काढून जोर करते आणि मग कुणालाच काही लागत नाही. तुकडी साठच्या वर. म्हणजे पशुवैद्यक पदवीच्या साडेपाच वर्षांत, शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप धरूनही, एखाद्याच्या वाट्याला नीट हात घालण्याची संधी किती वेळा येते ते मोजायला बोटं पुरतात.

पण खरी अडचण आकड्याची नाही. खोड्यात गाय, मुलाचा हात कोपरापर्यंत आत, मी शेजारी उभी. मी विचारते, "सर्व्हिक्स लागला?" सर्व्हिक्स म्हणजे गर्भाशयाचं मुख. तो म्हणतो, "हो मॅडम, लागला." मला काय कळणार? हात त्याचा, अंधार गायीच्या पोटातला. मीसुद्धा तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या सरांना "हो सर, लागला" म्हटलं होतं. सर पुढे गेले. माझ्या मुठीत घट्ट शेणाचा गोळा होता, हे मला दोन मिनिटांनी कळलं आणि सरांना कधीच कळलं नाही.

९ ऑगस्ट

जगात हे आधी कुणी कसं सोडवलं, ते वाचलं. ग्लासगोमध्ये सेरा बेली या पशुवैद्यक बाईंनी २००० च्या दशकाच्या सुरुवातीला 'हॅप्टिक काऊ' तयार केली. विद्यार्थी बोटात टोपणासारखी वस्तू घालतो, ती एका यांत्रिक हाताला जोडलेली असते, आणि संगणक त्या बोटाला असा विरोध करतो की समोर गर्भाशय आहे असं वाटावं. मला त्यातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटली ती वेगळीच. विद्यार्थ्याचं बोट आत कुठे आहे ते शिक्षकाला पडद्यावर दिसतं. 'जरा डावीकडे, आता खाली' असं सांगता येतं. माझ्या सरांना माझा शेणाचा गोळा त्या पडद्यावर दिसला असता.

ऑस्ट्रेलियाची 'ब्रीडन बेट्सी' अगदी साधी: लोखंडी चौकट, मागे लॅटेक्स, आत जननसंस्था टांगायची सोय. आपला रस्ता बेट्सीचा. पण दिसणं मात्र ग्लासगोचं हवं. संगणकाचा पडदा नको, खिडकी चालेल.

१४ ऑगस्ट

पोटासाठी दोनशे लिटरचं निळं पिंप आणलं. शहरात पाणी भरून ठेवायला घेतात तेच. मामांनी ते गोठ्याबाहेर आडवं ठेवलं तर दोन गायी येऊन हुंगून गेल्या.

मामा म्हणजे आमचे गोठ्याचे परिचर. सत्तावीस वर्षं शेपटी धरून उभे आहेत. पदवी नाही, पण गाय 'उलटली' (पुन्हा माजावर आली) की राहिली (गाभण झाली) हे ते आमच्या आधी सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर निघतं.

ओटीपोटाचा हाडांचा सांगाडा शरीररचना विभागाने उसना दिला, 'परत करताना मोजून घेऊ' या अटीवर. तो पिंपाच्या तोंडाशी बोल्टने बसवला. वेल्डरने स्टँड करून दिला, उंची खालीवर होणारा. आमच्या संकरित गायीच्या मागच्या भागाचं माप घेतलं, ११० सें.मी. भरलं. लहान चणीच्या गायीसाठी ते कमी करता यावं. आणि माझ्यासारख्या बुटक्यांसाठीही. इंटर्नशिपमध्ये गावोगाव मी विटा रचून त्यावर उभं राहून तपासण्या केल्यात, आणि प्रत्येक गोठ्यात कुणी तरी हसलेलं आहे.

पिंपाच्या डाव्या कुशीला करवतीने खिडकी कापली. तिला पडदा लावला. शिकवताना उघडा, परीक्षेला बंद.

२१ ऑगस्ट

आतले अवयव कुठून आणायचे हा प्रश्न पुण्यामुंबईबाहेरच्या कुठल्याही कॉलेजला विचारा. परदेशी लेखांत सर्रास लिहिलेलं असतं, 'कत्तलखान्यातून गायीच्या जननसंस्था मिळवाव्यात'. आपल्याकडे गोहत्येवर १९७६ च्या कायद्यापासूनच बंदी आहे, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. तेव्हा मिळतात त्या म्हशीच्या.

आज अशा चार आणल्या, बर्फाच्या डब्यातून. म्हशीचं सगळं थोडं वेगळं. सर्व्हिक्स बारीक आणि घट्ट, गर्भाशयाची शिंगं जास्त गुंडाळलेली, ओव्हरी (अंडाशय) लहान. सीएल, म्हणजे बीज सुटल्यावर ओव्हरीवर येणारा उंचवटा, गायीत बाहेर फुगून बोटाला टोचतो तसा म्हशीत पुष्कळदा येत नाही, आत दबलेला असतो. म्हणून वर्षानुवर्षं आमची मुलं डिसेक्शनच्या टेबलावर म्हैस शिकतात आणि खोड्यात गाय तपासतात. आजवर हे कुणाला खटकलं नाही, मलाही नाही.

गायीची एक संस्था मिळाली ती शवविच्छेदनातून. म्हातारी गाय, तार गिळून दगावलेली. साचा तिच्यावरूनच काढायचा. सर्व्हिक्स आठ सें.मी., आत चार कडी. म्हातारी असली तरी नीट होती.

२९ ऑगस्ट

साचा प्लास्टरचा, दोन अर्ध्यांत. ओतायचं सिलिकॉन प्लॅटिनमवर जमणारं घेतलं, कारण ते वास मारत नाही आणि आकसत नाही. पहिला तुकडा रात्रभर ठेवून सकाळी काढला तर आतून मस्त आणि वरून चिकट. बोट लावलं की तार निघते, पाक कच्चा राहिल्यासारखी. दुसराही तसाच. साचा ओला असेल म्हणून तो ओव्हनमध्ये वाळवला. तिसराही तसाच.

दोन दिवस गेले यात. शेवटी डब्यावरचं कागदी पत्रक भिंग घेऊन वाचलं तेव्हा कळलं: या सिलिकॉनला गंधक चालत नाही. आणि मी प्रत्येक वेळी साचा पुसत होते ते हातात लॅटेक्सचे मोजे घालून. लॅटेक्स पक्कं करताना त्यात गंधक असतं. जिथे जिथे माझी बोटं लागली तिथे सिलिकॉन जमलंच नाही. चिकट भाग नीट पाहिले तर माझ्याच पंजाचे होते.

नायट्राइलचे मोजे मागवले.

२ सप्टेंबर

पोळा. सुट्टी. पाऊस थांबत नाही. मामा बैल धुवायला गावी गेले. साचा पलंगाखाली वाळतोय, घरचे वैतागलेत.

११ सप्टेंबर

मोठ्या आतड्यासाठी नळी हवी. प्रयोग म्हणून ट्रकच्या टायरची जुनी ट्यूब कापून शिवली, आत लिक्विड पॅराफिन लावलं, हात सरसर गेला. सगळे खूश. आज पाहिलं तर ट्यूब फुगून लिबलिबीत झालेली, शिवणीपाशी फाटलेली. खनिज तेल रबराला खातं, हे कुठल्याही गॅरेजवाल्याने सांगितलं असतं. आता नळीही सिलिकॉनचीच, आणि वंगणाला सीएमसीची (सेल्युलोजपासून केलेली) पावडर पाण्यात फुगवून. ती आपण खऱ्या गायीतही वापरतो, त्यामुळे हाताला तोच बुळबुळीतपणा लागतो.

लेखा विभागाने विचारलं, ट्रकची ट्यूब कोणत्या शीर्षाखाली टाकायची. 'उपभोग्य वस्तू' लिहिलं.

२० सप्टेंबर

आजची नोंद लांब होणार, कारण आज गाय 'जिवंत' झाली.

मामा आठवडाभर म्हणत होते, "मॅडम, ही फार शहाणी आहे. काही करतच नाही." बरोबरच होतं. हात घातला की खरी गाय जोर लावते. आतड्याचं कडं मनगटाभोवती आवळतं, पुढून मागे लाट येते. नवखा मुलगा काय करतो? आणखी जोर लावतो. आणि नेमकं तिथेच आतडं फाटतं. गुदाशय फाटला तर गायीच्या जिवावर बेतू शकतं. शिकवायची पहिली गोष्ट सर्व्हिक्स कुठे आहे ही नाहीच. आवळलं की थांबायचं, बोटं मिटून हात तसाच ठेवायचा, लाट जाऊ द्यायची, मग पुढे जायचं. हे तोंडाने दहा वेळा सांगून हातात उतरत नाही.

मी रक्तदाबाच्या यंत्राचा जुना कफ आणला, घरातलाच, बाबांचा. तो नळीभोवती बाहेरून गुंडाळला, म्हणजे मनगटाच्या जरा पुढे येईल असा. फुगा मामांच्या हातात दिला. मामांना सांगितलं, "तुम्ही गाय व्हा."

प्रयोगाला इंटर्न मुलगा उभा केला. हात आत गेला. मामांनी दोनदा दाबलं. मुलाचा चेहरा बदलला, कारण कफ चांगला आवळतो. त्याने पुढे रेटलं. मामांनी आणखी दाबलं, आणि तोंडाने गायीसारखा हुंकार दिला. हुंकार मी सांगितला नव्हता. मुलगा दचकून थांबला. मामांनी हवा सोडली. "आता जा," म्हणाले.

दुसऱ्या वेळी तो आपोआप थांबला.

कफ कधी फुगवायचा हे मी मामांवर सोडलंय. मी केलं असतं तर दर अर्ध्या मिनिटाला केलं असतं. मामा मुलाच्या खांद्याकडे बघून करतात. खांदा ताठ झाला की दाबतात. खरी गायही बहुधा तेव्हाच जोर करते.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. मुलांनी सूक्ष्मदर्शक, कात्र्या, इलेक्ट्रोइजॅक्युलेटर सगळ्यांची पूजा केली, तशी निळ्या पिंपालाही झेंडूची माळ आणि हळदकुंकू. माळ मामांनी घातली. मी म्हटलं, वसुबारसेलाही करू. मामा म्हणाले, "नाही. दसऱ्याला पुजलं म्हणजे अवजार झालं. वसुबारस वासराच्या आईची."

२१ ऑक्टोबर

पहिली तुकडी, बारा जण. खिडकीचा पडदा बाजूला, मी पिंपाशेजारी स्टूल टाकून बसले. बारा वर्षं शिकवतेय, पण मुलाचा हात आत काय करतो ते आज पहिल्यांदा पाहिलं.

पहिली गोष्ट: सगळे फार पुढे जातात. गाभण नसलेल्या गायीचं गर्भाशय बहुतेक वेळा ओटीपोटाच्या हाडाच्या काठावरच पडलेलं असतं, मनगट आत गेलं की सर्व्हिक्स हाताखालीच. मुलं कोपर पार करून खांद्यापर्यंत जातात आणि पोटाच्या पोकळीत शोधत बसतात. खोड्यात मी वर्षानुवर्षं ओरडत आले, "खाली बघ, खाली." त्यांना वाटायचं खाली म्हणजे आणखी आत. चूक माझ्या शब्दाची होती. आता मी म्हणते, "हात मागे घे, तळवा खाली कर, हाडावर ठेव, मग डावीउजवीकडे झाडू मार." झाडू शब्द चालला.

दुसरी: सर्व्हिक्स सापडला तरी मुलं त्याला दोन बोटांच्या चिमटीत धरतात. गवतात पडलेलं कोवळं कणीस उचलावं तसा तो मुठीत, तळव्यात घ्यायला हवा. चिमटीतून तो घरंगळतो आणि मुलगा म्हणतो, "होता, गेला."

दुपारी कृत्रिम रेतन. डावा हात आतड्यात, उजव्यात एआय गन, म्हणजे वीर्य आत सोडायची लांब नळी. योनीच्या तळाला मूत्रमार्गाचं तोंड आणि त्याखाली आंधळा खिसा असतो, म्हणून गन आधी तिरपी वर न्यायची, मग आडवी करायची. निम्मी मुलं आधीच आडवी घालतात. पुढे सर्व्हिक्सच्या भोवती जी खोलगट घडी असते तिथे टोक अडकतं, आणि ती कड्यांत शिरली असं वाटतं. खरं म्हणजे गन पुढे ढकलायची नसतेच, सर्व्हिक्स गनवर मोज्यासारखा चढवायचा असतो.

स्ट्रॉमध्ये वीर्याऐवजी पाव मिली पाण्यात खाण्याचा लाल रंग भरला होता. वितळवण्याचं नाटकही पूर्ण केलं, ३७ अंशाच्या पाण्यात तीस सेकंद, घड्याळ लावून, पुसून, शीथ चढवून. प्रत्येकाचं झालं की गर्भाशय बाहेर काढून उघडलं. लाल ठिपका हवा सर्व्हिक्स संपतो तिथे, गर्भाशयाच्या देहात. ती जागा दोन-तीन सेंटिमीटरचीच. कुणाचा रंग सर्व्हिक्सच्या दुसऱ्या कड्यात, बऱ्याच जणांचा थेट उजव्या शिंगात. एका मुलीचा रंग बाहेरच, टेबलावर. ती हसत सुटली आणि मग सगळेच. खऱ्या गायीत ती चूक एकवीस दिवसांनी कळते, गाय पुन्हा माजावर आली की. आणि तेव्हाही शेतकरी वीर्यालाच नावं ठेवतो.

२८ ऑक्टोबर

वसुबारस. मामांनी खऱ्या गायींना पुरणाचा घास दिला. पिंपाकडे बघितलंसुद्धा नाही.

१३ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. ज्या बारा जणांनी पिंपावर सराव केला त्यांना आज खऱ्या गायीवर घेतलं, तिघांतिघांना.

आवळल्यावर सगळे थांबले. एवढं लिहून पुढच्या गमतीकडे वळते.

चौथ्या मुलाने हात घातला आणि घाबरून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, आत पिंप लागतंय."

मी हसले, पण तो अगदी खरं सांगत होता. हात आतबाहेर करताना आतड्यात हवा शिरते, आतडं फुग्यासारखं ताणून टणक उभं राहतं, भिंती हाताला लागतात पण पलीकडचं काही लागत नाही. आमच्या प्रतिकृतीत हवेचा प्रश्न येत नाही, म्हणून त्याला कुणी हे सांगितलंच नव्हतं. मीही नाही. हात पुढे नेऊन आकुंचनाचं कडं बोटांनी हळूच धरून मागे ओढायचं, म्हणजे हवा फस्सकन बाहेर येते. आली. मुलाच्या एप्रनवर बाकीचंही आलं.

शेण, ऊब, हवा, शेपटीचा फटका, आणि गायीचं वळून बघणं. पाचही आपल्याकडे नाहीत. ऊब करता येईल, साडेअडतीस अंशांचं पाणी नळीभोवती फिरवून. वळून बघणं करता येणार नाही, आणि मुलं घाबरतात ती त्यालाच.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. निम्मा विभाग निवडणूक ड्यूटीवर. काम शून्य.

४ डिसेंबर

आज लाज वाटली.

मुलं पिंपावर फार पटकन सर्व्हिक्स सापडला म्हणायला लागली होती. मला वाटलं हात बसला. एका मुलीला विचारलं, "कसं ओळखतेस?" ती सहज म्हणाली, "मॅडम, खाली शिवण लागते ना, ती."

शिवण. प्लास्टरच्या साच्याचे दोन अर्धे जिथे जुळतात तिथे सिलिकॉन किंचित बाहेर येतं आणि कडेने एक उंच रेघ राहते. मी ती घासली नव्हती. सगळी तुकडी, कुणी कुणाला सांगून, कुणी स्वतः शोधून, ती रेघ चाचपून सर्व्हिक्स 'ओळखत' होती. गायीला शिवण नसते.

आज संध्याकाळी सगळ्या रेघा ब्लेडने काढून, सँडपेपर मारून, वर सिलिकॉनचा पातळ हात दिला. आणि त्याहून महत्त्वाचं, एकाच म्हातारीवरून काढलेले सगळे तुकडे बाजूला ठेवायचे ठरवलं. आता पाच वेगवेगळे संच करायचे: कालवडीचा लहान सर्व्हिक्स, आठ वेळा व्यालेल्या गायीचा लांब आणि वाकडा, माजावरच्या गायीचं घट्ट ताणलेलं गर्भाशय, मधल्या काळातलं लुळं, आणि एक ओव्हरीला गाठ असलेलं. संचावर आकडे घालायचे नाहीत. मामांनी सकाळी कोणता बसवला ते मलाही माहीत असू नये.

१८ डिसेंबर

विभागाच्या बैठकीत प्रश्न: अंतर्गत मूल्यमापनात हे घ्यायचं का? डंडीच्या रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्यांची परीक्षा मांडली, प्रत्येक टप्प्यावर एकच ठरावीक काम, सगळ्यांना एकच तपासणीसूची. ती इथे चपखल बसते.

एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "आम्ही गायीवर शिकलो, काही बिघडलं नाही." आमचं बिघडलं नाही, गायीचं किती बिघडलं ते मोजलं कुणी? हे मी मनात म्हटलं. मोठ्याने एवढंच बोलले की प्राण्यांऐवजी दुसरं काही वापरा, कमी वापरा, वापरताना कमी त्रास द्या, ही तीन तत्त्वं रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडली, आणि आपल्याकडे प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. म्हणजे आपण घाई करतोय असं कुणी म्हणू शकत नाही.

खरी गाय सुटणार नाही, सुटूही नये. सुटायला हवेत ते पहिले पन्नास वाईट हात.

ठरलं: वीस गुण, खिडकी बंद.

९ जानेवारी २०२५

गाभणपणाचे संच. साठ दिवसांचं सोपं, एका शिंगात पाण्याचा फुगा. नव्वद दिवसांचं जड, ते हाडाच्या काठावरून खाली पोटात उतरायला हवं, म्हणून पिंपात जाळी सैल केली.

गर्भाशयाच्या धमनीची थरथर, जी तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बोटाला लागते, तिच्यासाठी मत्स्यालयाचा पंप लावला. पहिल्यांदा ती थरथर कमी आणि मोबाइलचा कंप जास्त होती. पंपाला पाण्याची बाटली जोडून धार तुटक केली तेव्हा जरा पटली. मामांनी बोट ठेवलं, डोळे मिटले, म्हणाले, "ही साडेचार महिन्यांची." मी चार लिहून ठेवले होते.

सगळ्यात अवघड पडद्याची घसरण. पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास शिंग चिमटीत धरून हलकेच सोडलं की गर्भाशयाची भिंत सुटायच्या आधी आतला पातळ पडदा बोटांतून निसटतो. दोन निसटणी, एकामागोमाग. खऱ्या गायीत नवख्याने हे करणं म्हणजे पोटातल्या जिवाशी खेळ, म्हणून आम्ही फक्त सांगतो, करू देत नाही. म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याने हे कधी केलेलंच नसतं. प्रतिकृतीचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथेच दिसतो. शिंगाच्या आत पातळ पॉलिथिनची नळी पाण्याने भरून घातली. पहिल्या तीन जाड होत्या. चौथी, कुल्फीच्या पिशवीची, निसटली. मी दहाबारा वेळा नुसतीच चिमटीत धरून सोडत बसले.

२२ जानेवारी

परीक्षा झाली. टप्पे सहा, त्यातले दोन पिंपावर. सूचीत एक रकाना मुद्दाम घातला होता: 'न सापडल्यास तसं सांगितलं'. एका संचात उजवी ओव्हरी बसवलीच नव्हती. मामांची कल्पना.

बरीच मुलं "हो मॅडम, लागली" म्हणून गेली. काहींनी तर आकारही सांगितला. पण एक मुलगा, वर्गात जो कधी बोलत नाही, हात आत ठेवून बराच वेळ थांबला. मामांनी कफ आवळला, तो थांबला, मामांनी सोडला, त्याने पुन्हा शोधलं. मग म्हणाला, "मॅडम, उजवी लागत नाहीये. डावीवर सीएल आहे. उजवी... नाही लागत."

पूर्ण गुण दिले. मामांनी फुगा खाली ठेवला आणि त्याला पाणी दिलं.

३ फेब्रुवारी

गावच्या वंध्यत्व शिबिरात सहा मुलांना नेलं. एका म्हशीवाल्याने विचारलं, "गाभण आहे का?" मुलगी म्हणाली, "काका, नक्की सांगता येत नाही. महिनाभराने परत तपासू." तो कुरकुरला, आमच्या गाडीकडे बघत, शहरातले डॉक्टर म्हणून. मग मी हात घातला. मलाही नक्की सांगता आलं नाही. म्हैस होती, बारीक सर्व्हिक्स, सीएल आत दबलेला.

परत येताना ठरवलं, आता म्हशीचे संच. साचे कत्तलखान्यातून मिळणाऱ्या खऱ्या नमुन्यांवरून काढता येतील, त्यात आपल्याला अडचण नाही. नायट्राइल मोजे दोन डबे, सीएमसी पाच किलो, कफ एक नवीन, कारण बाबांनी त्यांचा परत मागितलाय.